वाचायला जातो

८ जानेवारी

वन्सं,

तुमचं पत्र पोचलं. अक्षर मोठं काढलंत ते बरं केलंत. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू आता चांगलाच पिकलाय, उजवाही त्याच वाटेवर आहे. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला कागदावर दिसत नाही. तरी आपल्या दोघींचं चाललंय, हे त्यातल्या त्यात बरं.

घर आहे तसंच आहे. ह्यांच्या उशाशी वाचनालयाचं एक पुस्तक राहिलं होतं. जुनं वाचनालय, ते भाजीबाजारावरच्या माडीवरचं, बंद झालं. आता नवी इमारत झाली आहे आणि राहिलेली पुस्तकं तिथे द्यायची असं कळलं, म्हणून काल गेले होते. सगळी काच. इतकी काच रोज कोण पुसणार, हेच आधी मनात आलं. दारापासून आतपर्यंत जमिनीवर उंचवट्याच्या पिवळ्या फरश्या बसवल्या आहेत. मला वाटलं, काम अर्धवट राहिलंय. भिंतीत एक फट आहे. तिच्यात पुस्तक सरकवलं की यंत्र ते गिळतं आणि पावती देतं. ह्यांचं पुस्तक असं गिळलेलं मला आवडलं नाही. मी काउंटरवर नेऊन दिलं.

काउंटरवरच्या बाईंनी कार्ड बघितलं आणि म्हणाल्या, "हे तर दुपारच्या काकांचं."

मी म्हटलं, "कोण दुपारचे काका?"

"तुम्ही त्यांच्या मिसेस का? अहो, बसा ना, मावशी. ऐकायच्या खोलीत कळलं तर सगळे उठून येतील. अजून रोज त्यांचाच आवाज मागतात."

वन्सं, मग त्यांनी जे सांगितलं ते तुम्हाला आहे तसं लिहिते. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी तिथे पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करतात. हे काम जुन्या जागेपासून चालत आलंय. निवृत्त झाल्यापासून हे रोज दुपारी तेच करत होते. कादंबऱ्या वाचल्या, प्रवासवर्णनं वाचली. त्या बाई म्हणाल्या, "काका काय वाचायचे हो. एका दमात."

एका दमात. ह्यांनी.

तुम्ही सख्खी बहीण, तुम्हाला काय सांगायचं? 'प' आला की ह्यांचे ओठ मिटायचे ते मिटलेलेच. आणि सरकारने नेमकं चिकटवलं कुठे, तर पाणीपुरवठा विभागात. जन्मभर 'नळखात्यात आहे' म्हणून सांगत राहिले. परवा म्हणायचं असलं तर 'उद्याच्या नंतर' म्हणायचे. पुढे पुढे तेही सोडून दिलं, मान हलवायची आणि मोकळं व्हायचं. आम्ही घरात दोघंच, तरी दिवसातून चार वाक्यं झाली तर झाली.

रोज चपला घालताना मात्र एक वाक्य ठरलेलं होतं: "वाचायला जातो." मी म्हणायची, या. मला वाटायचं पेपर वाचतात, मासिकं चाळतात. खोटं बोलले असंही म्हणता येत नाही. वाचायलाच जात होते.

मी त्या बाईंना म्हटलं, मला जरा ऐकवा. तर म्हणाल्या, छापील पुस्तक ज्यांना वाचता येत नाही त्यांनाच ही ध्वनिमुद्रणं द्यायची, तशा बोलीवरच प्रकाशकांनी परवानगी दिली आहे. मी म्हटलं, "म्हणजे परक्यांना मिळतो आणि मला नाही?" त्या म्हणाल्या, "नियम आहे हो, मावशी." आवाज गोड होता त्यांचा. मला अजिबात आवडला नाही.

आपल्या घरात ह्यांचा आवाज कुठेही नाही. फोटो आहेत, सगळ्यांत तोंड मिटलेलं.

एक विचारते. हे गेले त्या दिवशी पांढऱ्या काठ्या घेतलेली पाच-सहा माणसं दारात आली होती. मी म्हटलं होतं, तुम्ही चुकीच्या घरी आलात. तुम्हीच पुढे होऊन त्यांना आत घेतलंत. तुम्हाला माहीत होतं का?

तुमची वहिनी


१५ जानेवारी

वहिनी,

तुझं पत्र वाचत बसले होते. मग सूनबाईने चहा आणला आणि काहीतरी म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही, म्हणून मी 'हो' म्हटलं. आता कळतंय की मी पुढच्या आठवड्यात तिच्या आईकडे राहायला जायचं कबूल केलंय. हे असं चाललंय. कानात यंत्र बसवून दिलंय मुलाने. ते मधूनच शिट्टी मारतं. या वयात कोण शिट्टी मारतंय म्हणून मी दरवेळी वळून बघते.

काठीवाल्यांचं म्हणशील तर ती माणसं पायरीवर अवघडून उभी होती, म्हणून आत घेतली. कुणीही घेतलं असतं. तू त्या दिवशी कुठे भानावर होतीस? तुला काही बोलले नाही एवढंच.

दादाने आंधळ्यांसाठी वाचलं, चांगलंच काम केलं. त्यात मनाला लावून घेण्यासारखं काय आहे? तू त्याच्याबरोबर सगळा जन्म काढलास. त्यांना काय मिळालं, नुसता आवाज. सगळा माणूस तुझ्याकडे होता. पुन्हा तिथे जाऊ नकोस आणि विचारत बसू नकोस. त्यापेक्षा डोळ्याचं ऑपरेशन उरकून घे. डॉक्टर तारीख देतायत आणि तू पुढे ढकलतेस, हे बरं नाही. मी येते सोबतीला. मला तुझं ऐकू येणार नाही, पण थेंब घालता येतील.

तुझी धाकटी नणंद


२ फेब्रुवारी

वन्सं,

तुम्ही जाऊ नकोस म्हणालात, मी गेले.

ऐकायची खोली तळमजल्यावर, त्या पिवळ्या फरश्या जिथे संपतात तिथे आहे. दारावर 'श्राव्य विभाग' असं लिहिलंय, पण तसं कुणी म्हणत नाही. दाराला काच आहे, म्हणून मी बाहेरच उभी राहिले. आत आरामखुर्च्या आहेत, प्रत्येक खुर्चीला ऐकायचं यंत्र. शेवटच्या खुर्चीत एक बाई बसल्या होत्या. माझ्याच वयाच्या असतील, केस नीट विंचरलेले, चेहरा वर केलेला, आणि ओठांवर हसू. आपल्याला कुणी काही सांगत असलं की आपण हसतो तसं.

त्यांच्या मांडीवर माझी रजई होती.

वन्सं, मी आधी म्हटलं, डोळ्यांचा दोष. पण निळ्या दोऱ्याने घातलेली रफूची जाळी मी कुठेही ओळखेन. पांढरा दोरा संपला होता म्हणून निळा वापरला होता. ती रजई हे काही वर्षांपूर्वी घेऊन गेले होते. "वाचनालयात हवीय," म्हणाले होते. मला वाटलं, रखवालदाराला देतायत. काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं की जुन्या जागेत भाजीवाल्यांचा आवाज मुद्रणात यायचा, म्हणून हे लोक खिडकीला रजया टांगून वाचत. नवीन जागेत वेगळी बंद खोली झाली, रजया उरल्या. एसी फार गार लागतो म्हणून या बाईंनी एक घेतली.

काउंटरवरच्या बाईंनी ते सहज सांगितलं. मला मात्र घरी येईपर्यंत दुसरं काही दिसेना. माझी रजई पांघरून माझ्या नवऱ्याचा आवाज ऐकत बसलीय. याला काय म्हणायचं? कानामागून आली आणि तिखट झाली असं आपण म्हणतो. ही तर कानातूनच आली.

दुसऱ्या दिवशी परत गेले आणि आतच शिरले. त्या रजईवाल्या बाईंना सगळे ऑपरेटरबाई म्हणतात. एका मोठ्या इस्पितळात त्या टेलिफोनवर होत्या. जन्मापासून दिसत नाही. मी म्हटलं, "ही खुर्ची रिकामी आहे का?" एवढंच. त्यांनी कानावरचं काढलं आणि म्हणाल्या, "या. तुम्ही त्यांच्या घरच्या. 'तुम्ही चुकीच्या घरी आलात' असं तुम्ही म्हणाला होतात."

मी खुर्चीत बसले.

त्या म्हणाल्या, "आवाज विसरायची मला सवय नाही. राग नाही हो माझा. आम्हीच न सांगता आलो." आणि मग त्या ह्यांच्याविषयी बोलायला लागल्या. ह्यांना कुठलं पुस्तक आवडलं होतं आणि कुठलं नुसतं कर्तव्य म्हणून वाचलं, ते त्यांना आवाजावरून कळतं. सर्दी झाली होती तेव्हाची तीन प्रकरणं कोणती, ते त्या सांगतात. म्हणाल्या, "पान उलटताना थांबतात ना, ते मला फार आवडतं. मीही मनातल्या मनात उलटते."

ती सर्दी मी बरी केली होती, वन्सं. काढा करून देत होते आणि हे दुपारी उठून जात होते.

उठताना त्या म्हणाल्या, "या बरं का अधूनमधून." माझ्याच माणसाकडे मला बोलावत होत्या.

तर मी ठरवलंय. ऑपरेशन करायचं नाही. काउंटरवर विचारून घेतलंय: छापील वाचता येत नाही असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी लिहून दिलं की सभासद होता येतं. मला तसंही फारसं दिसत नाही. आणखी थोडं थांबले तर काम होईल.

आणि तुम्ही माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही. पुन्हा विचारते. तुम्हाला माहीत होतं का?

वहिनी


९ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं डोकं फिरलंय. लोक डोळे यावेत म्हणून रांगा लावतात आणि तू डोळे जावेत म्हणून वाट बघत बसली आहेस. मोतीबिंदू आणखी पिकला तर पुढे काढायलाही अवघड जातं, हे तुला डॉक्टरांनी सांगितलं नाही का? की सांगितलं आणि तूही माझ्यासारखी 'हो' म्हणालीस?

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? हो, मला माहीत होतं. दादाने पहिलं पुस्तक संपवलं त्याच दिवशी वाचनालयातून मला फोन केला होता. तेव्हा माझे कान आत्ताइतके गेले नव्हते. म्हणाला, "ऐक," आणि ते मुद्रण फोनजवळ धरलं. मी उभ्या उभ्या ऐकलं. वहिनी, शाळेत धडा वाचायला उठवलं की बाकाची कड घट्ट धरून उभा राहणारा माझा भाऊ. सगळा वर्ग खिदळायचा, मी खालच्या वर्गात असून भिंतीपलीकडून मला कळायचं की दादाची पाळी आलीय. आणि तो एकदाही न अडखळता वाचत होता. मध्ये मध्ये फोनची लाईन तुटत होती तेवढंच. मी रडले. तो हसला. म्हणाला, "तुझ्या वहिनीला सांगू नकोस."

मी विचारलं, का रे? तर म्हणाला, "तिच्यासमोर मला जमायचं नाही."

हे तुला सांगायचं नव्हतं. तूच खोदून काढलंस. आणि आता निघालंच आहे तर एक बोलते, राग आला तर येऊ दे. तू त्याला कधी एक वाक्य पुरं करू दिलं नाहीस. त्याचे ओठ मिटले की शब्द तुझ्याकडून तयार. आमच्या घरी बाबांचा हुकूम होता, कुणी मदत करायची नाही, त्याचं त्याला बोलू द्या. लग्न झालं आणि त्याचं सगळं 'प'चं खातं तू चालवायला घेतलंस. मग तो कुठेतरी जाऊन बोलणारच ना?

ऑपरेशनची तारीख घे.

नणंद


२० मार्च

वन्सं,

पत्र मिळालं होतं. लगेच उत्तर लिहिलं नाही.

डॉक्टरांकडे जाऊन आले. मला छापील वाचता येत नाही असं लिहून द्या म्हटलं. त्यांनी समोरचा तक्ता वाचायला सांगितला. मी वरची दोन अक्षरं चुकीची सांगितली, पुन्हा विचारल्यावर तशीच. ते म्हणाले, "आजी, चुकीची सांगायलाही आधी दिसावी लागतात. तुम्ही 'क'ला 'फ' म्हणालात, दोन्ही वेळा." मग म्हणाले, "मी डोळे दुरुस्त करतो. बिघडल्याचा दाखला ऑपरेशननंतरही बिघडलेले राहिले तर देईन, आणि ते मी राहू देणार नाही." बाहेर बसलेले लोक हसत होते.

तुमच्या बाबांनी कुणाला मदत करू दिली नाही, आणि तो मुलगा बाकाची कड धरून उभा राहिला. तुम्ही लिहिलंत म्हणून मी लिहिते.

आमचं लग्न ठरत होतं तेव्हा तुम्ही परीक्षेला गेला होतात, तुम्हाला माहीत नाही. सगळी मोठी माणसं बसली होती. माझ्या मामांनी ह्यांना विचारलं, "मग, काय म्हणता?" हे म्हणाले, "मला मुलगी," आणि ओठ मिटले. कुणाला काही कळेना. तुमचे बाबा गप्प, खाली बघत होते. माझ्या आईचा चेहरा उतरला. ह्यांच्या कपाळावर घाम. नकार आहे असंच सगळ्यांना वाटलं. मी ह्यांच्याकडे बघितलं आणि मीच म्हटलं, "पसंत." मग हे म्हणाले, "पसंत आहे." सगळे हसले, हेही हसले. मुलीनेच स्वतःला पसंत केलं असं माझे मामा पुढे कितीतरी वर्षं सांगायचे.

तेव्हापासूनचं ते आहे. दुकानात, बसमध्ये, दवाखान्यात लोक तोंडाकडे बघत बसायचे, म्हणून मी शब्द द्यायची. ह्यांनी कधी नको म्हटलं नाही. नको म्हणायला 'प' लागत नाही.

माझ्यासमोर जमायचं नाही असं म्हणाले, ते तुम्हाला म्हणाले. तुम्हाला फोन केला. मुद्रण तुम्ही ऐकलंत, ऑपरेटरबाईंनी ऐकलं, सर्दीसकट ऐकलं. ज्यांच्या त्यांच्या वाट्याला काहीतरी आलं. मी चहा ठेवून वाट बघत होते.

ऑपरेशनचं सध्या काही ठरलेलं नाही. तुम्ही यायची तसदी घेऊ नये.

वहिनी


४ एप्रिल

वहिनी,

'तसदी घेऊ नये' हे तू मला लिहिलंस. सरकारी पत्रात लिहितात तसं. मी दोनदा वाचलं, मग कागद उलटा करून पाहिला की मागे काही माणसासारखं लिहिलंय का.

मी तुला जे लिहिलं ते रागाने लिहिलं. खरं सांगू का, मलाही त्रास होतो. तू म्हणतेस मी ऐकलं. एकदाच ऐकलं, ते चार-पाच मिनिटं, उभ्याने. आता कुणी दादाचा आवाज माझ्या कानाशी आणून धरला तरी मला शिट्टीच ऐकू येईल. आणि त्या बाई रोज रजई घेऊन बसतात. माझ्या पोटात दुखत नसेल का? तुझं दुखणं मला कळतं म्हणूनच मी इतकी बोलले.

पसंतचं मला खरंच माहीत नव्हतं. बाबा कधी बोलले नाहीत. दादाही नाही.

आता काय केलं ते ऐक. मी तुमच्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंना पत्र टाकलं. माझं नाव-गाव, नातं, सगळं लिहिलं, आणि विचारलं की बायकोला नवऱ्याचा आवाज ऐकता येत नाही असा कसला नियम? त्यांचं उत्तर आलं. फार सभ्य बाई आहेत. त्या लिहितात, मुद्रण बाहेर देता येत नाही आणि दिसणाऱ्याला सभासद करता येत नाही. पण प्रत्येक सभासदाला एक सोबती आणता येतो. जिन्यापाशी हात धरायला, यंत्र लावून द्यायला. सोबत्याने शेजारी बसून ऐकलं तर त्याला काही आडकाठी नाही.

म्हणजे तुला कुणाची तरी सोबतीण व्हावं लागेल. कुणाची ते मी सांगत नाही. तुला तिचं तोंड बघवत नाही, मला ठाऊक आहे. तिलाही तुझं दिसत नाही, तेव्हा फिटंफाट.

पण माझी एक अट आहे. आधी डोळ्यांची तारीख घ्यायची. सोबतिणीला दिसायला हवं.

तुझी नणंद


२६ एप्रिल

वन्सं,

तारीख घेतली आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात डावा डोळा. तुम्ही या. मागच्या पत्रात तसदी वगैरे लिहिलं, ते मनावर घेऊ नका. थेंब मला स्वतःला घालता येत नाहीत.

तुमचं पत्र आल्यावरही मी काही दिवस गेले नाही. त्या बाईंना विचारायचं म्हणजे जीभ रेटेना. शेवटी गेले. वाक्य घरून तयार करून नेलं होतं, तरी तिथे अडलं. 'मला तुमची' इथवर आलं आणि पुढे सरकेना. तेव्हा कळलं कसं होतं ते. त्या थांबल्या. शब्द दिला नाही, घाईही केली नाही. मग मीच म्हटलं, "सोबतीण व्हायचंय." त्या म्हणाल्या, "मला कशाला सोबतीण, मी या इमारतीत झोपेतही फिरेन." मी उठायला लागले तर म्हणाल्या, "बसा हो. गंमत केली. इतके दिवस लावलेत, आता गंमतही करू नको का?"

तर रोज दुपारी मी त्यांना बसथांब्यावर घ्यायला जाते. प्रत्यक्षात त्याच मला धरून आणतात; पिवळ्या फरशीवर त्यांची काठी माझ्या डोळ्यांपेक्षा बरी चालते. शेजारीण विचारत होती, हल्ली दुपारी कुठे असता. मी म्हटलं, वाचायला जाते. तोंडातून तेच आलं.

एका यंत्राला दोघींनी ऐकायची सोय आहे. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "कुठलं लावू?" मी म्हटलं, तुम्हाला आवडतं ते. त्यांनी रजई दोघींच्या मांडीवर पसरली. निळी जाळी माझ्या बाजूला आली. मी ती त्यांना दाखवली नाही.

आणि हे बोलायला लागले.

वन्सं, तुम्ही म्हणालात ते खरं आहे. अडखळत नाहीत. ओळीमागून ओळ, शांतपणे, एखाद्याने रस्ता दाखवत पुढे चालावं तसं. आवाज ह्यांचाच, पण मी तो असा कधी ऐकला नव्हता. मला वाटलं होतं रडू येईल. रडू आलं नाही, राग आला. इतकं येत होतं तर इतकी वर्षं मला का नाही, असाच राग आला.

मग हे थांबले.

मध्येच, वाक्याच्या अर्ध्यावर. ऑपरेटरबाईंनी मान हलवली, त्यांच्या ओठांवर ते नेहमीचं हसू आलं. म्हणजे हीच ती पान उलटायची जागा. पण माझ्या तोंडून हळूच शब्द गेला होता. मुद्दाम नाही, सवयीने. "पायरीवर." आणि माझ्यामागून हे म्हणाले, "पायरीवर बसून राहिला."

मला वाटलं, योगायोग. पुढे पुन्हा थांबले. मी म्हटलं, "पत्ता." हे म्हणाले, "पत्ता विचारला." मग प्रत्येक ठिकाणी तेच, शब्द मला सुचला तरी आणि नाही सुचला तरी. 'प' आला की हे थांबतात, माझा शब्द होण्याइतका वेळ थांबतात, आणि मग तो शब्द स्वच्छ उच्चारून पुढे जातात. ओठ अडकल्याचा तो बारीक आवाज नाही, घाई नाही. घरी मी शब्द दिल्यावर ज्या सुरात म्हणायचे, त्याच सुरात. तुमची फोनची लाईन तुटत नव्हती, वन्सं.

मी ऑपरेटरबाईंना सहज म्हटल्यासारखं विचारलं, या थांबायच्या जागा काढून टाकत नाहीत का? त्या म्हणाल्या, "मुद्रण करणाऱ्यांनी काढायचं म्हटलं होतं. तुमच्या ह्यांनी काढू दिल्या नाहीत. म्हणाले, राहू द्या, सवय आहे. बरं केलं. पान उलटल्याशिवाय पुस्तक वाचल्यासारखं वाटत नाही."

माझ्यासमोर जमायचं नाही म्हणाले, ते तुम्ही लिहिलंत तेव्हापासून मला टोचत होतं. आता कमी टोचतं. एवढंच लिहिते.

काल एका प्रकरणात असं आलं की कुणीतरी म्हातारा गावोगाव फिरून शेवटी एका घरापाशी येतो. हे वाचत होते, "आणि त्याला ते घर," आणि थांबले.

मला पुढचा शब्द माहीत नव्हता. मी ती कादंबरी वाचलेली नाही. 'प'चे शब्द काय थोडे आहेत? परकं असेल, पडकं असेल, पुरेसं असेल. पण हे नेहमीपेक्षा जास्त थांबले होते. मी म्हटलं, "पसंत."

"पसंत झालं," हे म्हणाले.

मी रजई नीट केली. ऑपरेटरबाई माझ्याकडे वळल्या. त्यांना आवाज विसरायची सवय नाही, तेव्हा माझी कुजबुज ऐकू आली असणार, असं मला वाटलं. त्या चांगल्या आहेत हो. काल माझ्यासाठी घरून डबा आणला होता. एरवी त्यांना मी सांगितलंही असतं. पण सर्दीची तीन प्रकरणं त्यांच्याकडे आहेत, सगळ्या दुपारी त्यांच्याकडे आहेत, आणि तुमच्याकडे तो फोन आहे. हे तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही ह्यांच्या बहीण आहात आणि तुम्हाला आता ऐकू येत नाही. तुम्ही कुणाला सांगू नका.

तर ऑपरेटरबाईंनी विचारलं, "आत्ता पान उलटलं ना?"

मी म्हटलं, "हो. उलटलं."

तुमची वहिनी